शिवणाच्या डब्यातला चार्जर

९ मार्च २०२०, सोमवार

आल्चीदेला नेलं.

डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या प्लास्टिकमधले दोघे आले, नाव विचारलं, चाकाची खुर्ची पुढे केली. हा म्हणे, चालत येतो! ताप उतरत नाही, दोन शब्द बोलला की धाप लागते — पण टोपी मात्र घातली. मी अंगणातून ओरडले, "हॉस्पिटलात टोपी कशाला?" तर म्हणाला, "केस विंचरलेले नाहीत, एर्सी." जन्मभर दुधाचा टँकर चालवला, नखरे नटाचे.

मग त्यातल्या एकाने विचारलं, नंबर कोणाचा लिहू? एकच. आत कोणाला सोडत नाहीत, त्यामुळे घरच्या एकाच माणसाला रोज दुपारी फोन येईल, बाकीच्यांनी त्याला विचारायचं.

लेस्या वरच्या गॅलरीतून आपला नंबर ओरडायला लागली. अर्धा ओरडून झाला असेल. मी म्हटलं, "मी बहीण. सख्खी. ती घरकामाला आहे."

त्याने माझा नंबर लिहून घेतला.

खोटं काय बोलले? नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीमागे मी हयात काढली. कोण कोणाचं कोण, हे कागदावर असतं, गॅलरीत नसतं. कागदावर लेस्या ही युक्रेनहून आलेली, आल्चीदेकडे पगारावर असलेली बाई आहे. पिएरा — माझी वहिनी — अंथरुणाला खिळली तेव्हा तिला ठेवली. पिएरा गेली, ही राहिली. पुढे पिएराच्याच पलंगावर... जाऊ दे. लग्न कर म्हणून हा मागे लागला होता, तर ही हसली म्हणे! "एक नवरा करून बघितला. पुरे झाला."

हसायचं तर मग नंबर मागायचा नाही.


१० मार्च

लेस्याला बाहेर पडायची बंदी आहे, त्याच्याबरोबर राहत होती म्हणून. आल्चीदेच्या सामानाची पिशवी तिने दोरीला बांधून गॅलरीतून खाली सोडली.

"सिन्योरिना! चार्जर कडेच्या कप्प्यात आहे. पिन जुनी आहे, तिथे कोणाकडे नसणार. काल संध्याकाळी दोन शब्द बोलला, मग खोकला, मग कट. तेव्हापासून फोन बंद. बॅटरी संपली असणार. लवकर पोचवा."

सिन्योरिना — म्हणजे लग्न न झालेली बाई. बरोबरच आहे. पण ती ते असं म्हणते, जणू माझ्या व्यंगाचा दाखला वाचून दाखवतेय.

पिशवी घरी आणून ओट्यावर उघडली. पायजमे, सपाता, दाढीचं सामान. अर्धा किलो अक्रोड — टरफलासकट! फोडणार कशाने, दातांनी? आणि तिचा फुलाफुलांचा रुमाल, सिगारेटच्या वासाचा. आणि चार्जर.

चार्जर काढून ठेवला. शिवणाच्या डब्यात, बटणांखाली. माणसाला विश्रांती हवी. ही बाई दर तासाला फोन करणार, रडणार, किंवा भांडणार, त्याला बोलायला लावणार. श्वास लागलेल्या माणसाला! काय कळवायचं ते माझ्याकडून कळेल की.

त्या जागी आईची जपमाळ ठेवली. रुमाल राहू दिला. तेवढी काही मी वाईट नाही.

हॉस्पिटलच्या फाटकापाशी तंबू आहे, तिथे पिशवी दिली. पिशव्यांचा ढीग. कोणी ओळखीचं कोणाशी बोलत नव्हतं, नुसती मान हलवत होते.

शाळेत सिस्टरांनी सवय लावली, रात्री दिवसाचे दोष लिहून काढायचे. अजून लिहिते. आज लिहिण्यासारखं काही नाही.


११ मार्च

दुपारी फोन. डॉक्टरीणबाई, आवाजावरून कोवळी. "प्रकृती स्थिर आहे."

"स्थिर तर खुर्चीपण असते! नीट सांगा."

तिने श्वास घेतला आणि नीट सांगितलं. नुसत्या मास्कने भागत नाही. डोक्यावर प्लास्टिकचा पारदर्शक टोप चढवला आहे, त्यातून जोराने प्राणवायू सोडतात. आत वाऱ्याचा इतका आवाज की त्यांना आमचं ऐकू येत नाही, आम्ही खुणा करतो. "बाई, मला अजून पुष्कळ घरी फोन करायचेत."

लेस्या गॅलरीत उभीच होती, हातात सिगारेट.

"काय म्हणाले?"

"स्थिर."

"आणि?"

"आणि काही नाही."

टोपाचं सांगून काय उपयोग? ती ओरडली असती. अंगणातल्या सगळ्यांना कळलं असतं.

शाळेतल्या मदर स्कोलास्तिका दोषांची वही तपासताना प्रत्येकीला एकच विचारायच्या — "आणि उरलेलं?" आज त्या का आठवल्या कोण जाणे.


१३ मार्च, शुक्रवार

"चोर!" लेस्या सकाळपासून गॅलरीत. "फोन अजून बंद! चार्जर चोरला त्यांनी! मी स्वतः ठेवला, या हातांनी. सिन्योरिना, तुमच्याकडे नंबर आहे ना? लावा. आत्ता. माझ्यासमोर."

सगळ्या खिडक्या उघडल्या. कोणाला घराबाहेर पडता येत नाही, त्यामुळे आमचं अंगण म्हणजे नाटकगृह झालंय. समोरचा म्हातारा तर खुर्ची घेऊन बसला.

लावला. काय करणार?

नोएमी नावाची नर्स आली फोनवर, दक्षिणेकडची, हेल काढून बोलणारी. मी तिला झापलं. सामानाची जबाबदारी कोणाची, लोकांच्या वस्तू अशा गायब होतात कशा, आजारी माणसाला घरच्यांपासून तोडता, लाज वाटत नाही — सगळं. लिहायलाच हवं म्हणून लिहिते: मी रंगात आले. माझं मलाच खरं वाटायला लागलं. वर गॅलरीतून लेस्या, "बरोबर! अजून सांगा!"

नोएमी म्हणाली, "मी शोधते, बाई. आजोबांना विचारते."

"माझा भाऊ कोणाचा आजोबा नाही!"

फोन ठेवला तर कोणीतरी टाळी वाजवली.

अकरा वर्षांत पहिल्यांदा लेस्या माझ्याकडे बघून हसली.


१४ मार्च

नोएमीचा फोन. ड्यूटी संपल्यावर, स्वतःच्या फोनवरून. पिशव्या ठेवायची खोली पूर्ण उपसली म्हणाली. पायजमे आहेत, अक्रोड आहेत, जपमाळ आहे, चार्जर नाही. सगळ्या वॉर्डात विचारलं, तसली पिन कोणाकडे नाही. "आजोबांना — माफ करा — त्यांना खुणेने विचारलं तर नुसती मान हलवतात. फोन उशीखाली ठेवतात, हात लावू देत नाहीत कोणाला. पिशवी मीच आत घेतली होती, बाई. माझ्याच हातून कुठेतरी पडला असणार. मला माफ करा."

मी काय म्हणाले? म्हणाले, "असू दे. होतं असं."

मोठ्या मनाने!


१५ मार्च, रविवार

चर्च बंद. कन्फेशनही बंद. सोयच झाली म्हणायची.

संध्याकाळी लोक गॅलऱ्यांत येऊन गाणी म्हणतात, पातेली बडवतात. एकाला सूर नाही. कानात कापूस घातला.


१७ मार्च

गॅलरीतून दोरीने भांडं खाली आलं. बिटाचं लाल सूप. "उरलंय," लेस्या म्हणाली. उरलेलं कसलं, भांडं काठोकाठ होतं.

"मला गरज नाही. माझ्याकडे आहे सगळं."

"माहितेय काय आहे ते. मारी बिस्किटं. फक्त भांडं परत द्या, सिन्योरिना, आतलं परत केलं नाहीत तरी चालेल."

मीठ जास्त. सगळं संपवलं.

मग चार्जर खिशात घातला आणि हॉस्पिटलकडे निघाले. रस्त्यात पोलिसाने अडवलं, बाहेर पडायच्या कारणाचा कागद दाखवला, सोडलं. तंबूपर्यंत पोचले. स्वयंसेवक म्हणाला, "द्या, आजी. पेशंटचं नाव? कोणाकडे पोचवायचं?" वॉर्डात वस्तू घ्यायला नोएमीच येणार. चार्जर तिच्या हातात पडणार. पिशवीसारखंच आमचं नाव त्याच्यावर असणार.

म्हटलं, "काही नाही, चुकून आले."

चार्जर परत बटणांखाली. एवढ्याशा मुलीपुढे नाक खाली जाईल म्हणून. हे वाक्य लिहून ठेवते. मदर स्कोलास्तिका, हेच ते उरलेलं.


१९ मार्च, संत योसेफाचा दिवस

आज घरोघरी गोड भजी तळतात. तेलाचा वास कुठून तरी येतोय.

दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन. तो दमलाय. छातीचे स्नायू दमलेत. त्याला झोपवून घशात नळी घालणार. किती दिवस? सांगता येत नाही. जागा होईल? सांगता येत नाही. आज तिने "स्थिर" हा शब्द वापरला नाही आणि मला तो हवा होता.

लगेच नोएमी. "बाई, टोप काढून मी दोन मिनिटं मास्क लावते. त्यांना म्हटलंय, घरी फोन लावून देते. बोला त्यांच्याशी."

मग श्वासांचा आवाज. करवतीसारखा.

"मी आहे," तो म्हणाला. "जेवलीस का?"

मी तोंड उघडलं, तोच —

"लिंबाला पाणी घाल. खोल. वरवर नको." श्वास. "सिगारेट कमी कर." श्वास. "एर्सीकडे बघ जरा. ती मागणार नाही. नाक वर. सूप धाड... उरलंय म्हणून सांग. नाहीतर घेणार नाही."

घरी फोन लावते म्हटल्यावर त्याच्या डोक्यात घर म्हणजे कोण, ते मला तेव्हा कळलं.

मी सांगायला हवं होतं. आल्चीदे, मी एर्सीलिया. एक वाक्य. पण मग तो गप्प झाला असता. किंवा म्हणाला असता, तिला दे. तिला कुठून देऊ? ती वर, मी खाली, दोन मिनिटांतलं एक गेलेलं.

"मी फोन केला नाही," तो म्हणाला. "म्हटलं, हा असला आवाज तुला —" खोकला. खूप वेळ. मागून नोएमी, सावकाश, सावकाश. मग एकदम स्पष्ट —

"रागावलीस का?"

मी म्हटलं, "नाही."

तो हसला असावा. मग नोएमी म्हणाली, "झालं, बाई. तुमचा आवाज ऐकून शांत झाले."

माझा आवाज!


२० मार्च

सांगितलं नाही.


२३ मार्च

नळीचं सांगितलं. एवढंच. लेस्याने गॅलरीचा कठडा धरला.

"झोपवायच्या आधी कोणाशी बोलू दिलं नाही त्याला?"

मी म्हटलं, "नाही."

तिने शिवी दिली. हॉस्पिटलला, नर्सला, या देशाला. "जनावरं! आधी चार्जर चोरतात, मग न बोलता झोपवतात." समोरचा म्हातारा म्हणाला, अगदी खरं आहे. मी गप्प. ती पोरगी ड्यूटी संपल्यावर पिशव्या उपसत होती, आणि मी गप्प.

भांडं परत खाली आलं. कोबीचं काहीतरी. "उरलंय."

गेले सहा दिवस ही बाई न सांगता ते करतेय, जे तो तिला सांगायला निघाला होता. आणि त्याने सांगितलेलं माझ्याकडे अडकून पडलंय.


२७ मार्च, शुक्रवार

आल्चीदे गेला. पहाटे. डॉक्टरीणबाईंनी सकाळी कळवलं. "त्रास झाला नाही." तिला रडू येत होतं. मी तिला म्हटलं, "पाणी पी, पोरी." मी कोणाला असं बोलत नाही.

अंत्यविधी नाही. पेटी थेट दफनभूमीत, तीही आपला नंबर येईल तेव्हा.

लेस्याची बंदी उठली होती, पण मीच वर गेले. पिएरा गेल्यापासून तो जिना चढले नव्हते. डबा नेला नाही, नुसता चार्जर. दार उघडल्यावर तिला माझ्या तोंडावरूनच कळलं. ती खाली बसली, बूट काढायच्या स्टुलावर. तिथूनच म्हणाली, "लिंबाला कळ्या आल्यात. मी रोज सांगायचं ठरवत होते."

मी चार्जर पुढे धरला.

तिला आधी उमगलं नाही. "सापडला? कुठे?"

"माझ्याकडे होता. मीच काढला. पिशवी द्यायच्या आधी."

मग सगळं सांगितलं. टोप. नोएमीला झापलं ते. तंबूपर्यंत जाऊन परतले ते. आणि फोन — त्याचा शब्द न् शब्द. जेवलीस का. लिंबू. सिगारेट. सूप. ती ऐकत होती, ओठ हलवत, जणू पाठ करतेय. मी शेवटावर आले. "मग त्याने विचारलं, रागावलीस का."

"आणि?"

"मी नाही म्हटलं."

ती उठली. माझ्यापेक्षा हातभर उंच आहे, आजवर लक्षात आलं नव्हतं.

"मी रागावले होते," ती म्हणाली. "खूप रागावले होते. फोन का करत नाही मेला, म्हणून रोज भांडत होते त्याच्या उशीशी. तो माझा राग होता. तू कोण नाही म्हणणारी?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा तू.

"'केला नाही' म्हणे! करणार कशाने? फोन बंद, कारण चार्जर तुझ्या डब्यात. अठरा दिवस तो तिथे पडून, माझ्याशी बोलायला तडफडत! आणि तू इथे माझं सूप खात होतीस."

चार्जर तिने घेतला. दार आपटलं नाही. हळू लावलं. ते जास्त लागलं.

नोएमीला फोन करून सांगितलं, चार्जर तुझ्याकडून हरवला नव्हता. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मी घरी जाऊन रोज तेच आठवत होते." रागावलीसुद्धा नाही. रागावायला हवं होतं तिने.


१ एप्रिल

निधनाचा कागद रस्त्यावरच्या भिंतीला लागला. भिंतीवर जागा नाही, एकाच्या खांद्यावर दुसरा कागद. छापणाऱ्याला मी दोन्ही नावं सांगितली होती, आधी लेस्या, मग एर्सीलिया. तो म्हणाला, तिचं नातं काय छापू? अख्खी नोकरी मी लोकांना हाच प्रश्न विचारला. म्हटलं, नुसतं नाव छापा.

दुपारी बघते तर माझं नाव नाही. खालची पट्टी फाडलेली. सरळ, पट्टी ठेवून फाडल्यासारखी. तिचा हात साफ आहे.

अंगणात कोणी माझ्याशी बोलत नाही. म्हाताऱ्याने खुर्ची फिरवून घेतली. दोरी येत नाही.


१४ एप्रिल

हॉस्पिटलातून त्याच्या वस्तूंची सील केलेली पिशवी आली. अर्थात माझ्याकडे. कागदावर मीच ना! दोन दिवस गच्चीत ठेवा म्हणाले, मग उघडा.

लेस्या जिन्यात भेटली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याचा फोन मला हवा. आवाज असेल त्यात त्याचा. चार्जर तर आहेच माझ्याकडे."

म्हटलं, आणून देते.


१६ एप्रिल

पिशवी उघडली. टोपी. जपमाळ, अजून पुडीतच, हात न लावलेली. रुमाल नाही — नोएमी फोनवर म्हणाली होती, तो त्याच्या मनगटाला बांधून पेटीत पाठवला. तळाशी फोन.

सहज बटण दाबलं.

लागला.

पडद्यावर बॅटरीच्या चारपैकी तीन दांड्या. मग टिंग, टिंग, टिंग — लेस्याचे न लागलेले फोन, पहिल्या संध्याकाळपासूनचे. मी पिशवी उघडायच्या आधीपासूनचे. बॅटरी कधी संपलीच नव्हती. त्यानेच बंद केला होता. हा असला आवाज तुला ऐकू येऊ नये म्हणून, लेस्या. तुला.

मी हातात फोन घेऊन दारापर्यंत गेले. वर जाऊन दाखवला की सुटले मी. आणि तिला कळेल की अठरा दिवस तो बोलायला तडफडत नव्हता.

परत आले. फोनला टॉर्च आहे, तो लावून ओट्यावर ठेवलाय. पूर्ण संपला की मग वर नेऊन देईन. ती चार्जर लावेल.

अजून दोन दांड्या आहेत.